पाहुणी एवढं एकच खात नाही

फुकेत, १६ नोव्हेंबर, बुद्ध संवत २५३८

लामदुआनताई,

पुन्हा तेच! कोळंबीच्या गोदामातली नोकरी का सोडली हे तुला मागच्या पत्रात सांगितलं, त्याच्या मागच्या पत्रात सांगितलं. आता शेवटचं सांगतो आणि मग हा विषय बंद. मुकादम येता-जाता डोक्यावर टपली मारायचा. डोक्यावर! मी उलट बोललो नाही. हसलो, त्याच्या गमबुटात बर्फ भरला आणि निघून आलो. याला तू 'फानला कुठंच टिकता येत नाही' म्हणतेस. म्हण.

आता समुद्रकाठच्या एका खाणावळीत आहे. मालकीणबाईंना सगळे जे सोम म्हणतात, जे म्हणजे इथल्या चिन्यांची ताई. तोंड चालू, पंखा बंद. मी कच्ची पपई कुटतो, भांडी घासतो आणि गोऱ्या पाहुण्यांपुढे ताटल्या नेऊन ठेवतो. तैवानला मजुरीला जाईपर्यंत एवढं पुरे.

पण आज मी भांडणार आहे ते वेगळ्याच गोष्टीवरून. तुझं पत्र. दोन पानं तू भाताच्या कापणीवर लिहिलीस, अर्धं पान कुत्रीच्या पिल्लांवर, आणि सगळ्यात खाली कोपऱ्यात, 'बुनमीताईची मुलगी आली आहे, बाकी ठीक.' बाकी ठीक? ताई, तुला लिहायला शिकवलं कुणी?

उदोनच्या तळावर विमानं दुरुस्त करणाऱ्या अमेरिकनाचा हात धरून जी गेली, तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. जिचं नाव निघालं की आई उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जाते. जिचं शेवटचं पत्र येऊन सहा वर्षं झाली. त्या आपल्या थोरल्या बहिणीची एकवीस वर्षांची मुलगी जुन्या पाकिटावरचा पत्ता दाखवत ओहायोहून बान नोंग हिनपर्यंत येते, आपल्या घरात राहते, आणि तू लिहितेस बाकी ठीक!

का आली? किती दिवस राहणार? हवंय काय तिला?

तुला सुचलं नसेल म्हणून मीच सांगतो. तळ्याकाठचं पाच राय शेत बुनमीताईच्या वाट्याचं आहे. आपल्याकडे जमीन मुलींकडेच जाते, मला काय, मी मुलगा, मला सदरा मिळाला. तेच शेत विकून माझ्या तैवानच्या दलालाची सोय करायची असं आईनं पावसाळ्यात कबूल केलंय. आणि नेमकी आत्ता ही उगवली. बावीस वर्षांत नाही, आत्ता.

विचार तिला. सरळ विचार. इथं मी रोज बघतो, ही माणसं लाजत नाहीत, सरळ विचारलं की सरळ सांगतात. उलट टपाली कळव.

तुझा,
खामफान


बान नोंग हिन, २३ नोव्हेंबर

फान,

गमबुटात बर्फ. वय चोवीस. असो, विषय बंद म्हणालास ना, बंद.

'सरळ विचार' म्हणे. घरी आलेल्या माणसाला 'का आलीस' विचारायचं? समुद्राचं वारं डोक्यात गेलंय का तुझ्या? मी आडून विचारलं, माणसं विचारतात तसं. म्हटलं, "तुमच्याकडे आता थंडी पडली असेल, नाही?" शहाण्याला कळतं की परतीचं विचारतायत. तिनं मला बर्फ कसा पडतो ते हातवारे करून दुपारभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "आई वाट बघत असेल तुझी." ती हसली. नुसती हसली आणि खाली बघून भात मळत बसली. हसली म्हणजे सगळं बरं असेल. पुढं विचारायला आई समोर होती, आणि आईसमोर बुनमीताईचा विषय मी काढायचा? तू येऊन काढ.

तिचं नाव डोना. रंग आपलाच, उंची त्यांची, दारात दोनदा कपाळ आपटलं. आपली बोली बोलते, बुनमीताईनं शिकवलेली, पण सगळी स्वयंपाकघरातली. 'मीठ दे', 'हात धू', 'झाकण ठेव' हे फर्मास येतं. 'विमान कधीचं', 'जमीन', 'कागद' यातलं एक येत नाही. भाताच्या टोपलीला मात्र न सांगता झाकण घालते. तेवढं एकच बरं करते, बाकीचं ऐक.

पहिल्या दिवशी चपला घालून थेट ओसरीवर. सांगितल्यावर इतकी शरमली की आता कोंबड्यांच्या खुराड्याबाहेरही चपला काढते. जेवायला बसली ती पाय लांब करून, तळवे आईकडे. आईनं आपली चटई थोडी सरकवली. तीही सरकली, पायांसकट. एका पुस्तकात तिनं वाचलंय की हात जोडावेत, म्हणून दिसेल त्याला जोडते. बर्फाच्या गोळ्यावाल्याला, शेजारच्या म्हशीला, आणि पोरांना. मोठ्यानं लहानाला आधी हात जोडले तर लहानाचं आयुष्य कमी होतं असं मी माझ्या नोइला सांगून दमले. तो कार्टा दिवसातून दहा वेळा तिच्यासमोरून जातो आणि पोरांमध्ये फुशारकी मारतो.

मुखियाकाकांची गोष्ट तर लिहायला नको. खळ्यावर अख्खं गाव होतं. ते वाकून पेंढी बांधत होते, केसांत भुसा अडकलेला. ही गेली आणि डोक्यातून एकेक काडी वेचायला लागली. ज्या डोक्याला त्यांची बायकोही हात लावत नाही, त्या मुखियाच्या डोक्यातून! सगळे हसले. काका सगळ्यांत मोठ्यानं हसले. आणि त्या दिवसापासून आपल्याकडे फिरकलेले नाहीत.

येता-जाता कुणीही ओसरीवरून म्हणतं ना, "या जेवायला"? आपण म्हणतो "आत्ताच झालं" आणि पुढं जातो. ही जाऊन बसते. परवा बाजारापर्यंत पोचेस्तोवर पाच घरी जेवली. पाचवी बाई माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली, "लामदुआन, तुमच्याकडे यंदा भात कमी झाला का गं?"

आणि घरी परत जेवते. ताटलीत कण ठेवत नाही. रिकामी ताटली बघून आई पुन्हा वाढते, पाहुणी उपाशी उठली असं व्हायला नको म्हणून. ती वाढलेलं बघते, घोट गिळते, पुन्हा सगळं संपवते. तिच्या पुस्तकात लिहिलंय, टाकलं तर यजमानाचा अपमान. आई पुन्हा वाढते. मिरचीनं नाकाडोळ्यांतून धारा, विचारलं तर म्हणते, "छान आहे, तिखट नाही." दोघी एकमेकींना मारून टाकणार, आणि दोघी हसतायत.

एक विचारायचं राहिलं. ती सारखी विचारते, "चावणारा मामा कुठे आहे?" मी म्हटलं, फुकेतला. तू हिला कधी भेटलास? काय केलंस काय?

लामदुआन


फुकेत, २९ नोव्हेंबर

ताई,

मी कुणाला चावलो नाही! मी त्या मुलीला पाहिलेलं नाही, तिनं मला पाहिलेलं नाही, आणि तरी अमेरिकेत माझी अशी कीर्ती? कोण सांगतं हे सगळं? तूच सांगितलं असशील.

तू हसण्यावर जाऊ नकोस. हसली म्हणजे बरं असेल, म्हणे. हसणं कुणाचं ते आधी बघ. त्यांचं हसणं असेल तर खूश असेल. आपलं हसणं असेल तर काहीही असू शकतं. मुकादमानं टपली मारली तेव्हा मीही हसलोच होतो. ती आपलं हसणं शिकली असेल, तर काहीतरी लपवतेय, लिहून ठेव.

इथली पाहुणेमंडळी तरी बरी. आपापली ताटली पुढ्यात ओढतात, दुसऱ्याच्या ताटलीला हात लावत नाहीत. काल एकानं विचारलं, "तिखट आहे?" जे सोम म्हणाली, "नाही नाही." तो म्हणाला, "खरंच नाही?" ती म्हणाली, "अजिबात नाही." एक घास खाल्ला आणि तो समुद्राकडे पळाला. मी म्हटलं, "मावशी, सांगायचं ना त्याला." तर माझ्यावरच भडकली, "गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं? त्याला तिखट नकोय हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, म्हणून म्हटलं तिखट नाही!" या बाईला काय उत्तर द्यायचं? तू आणि जे सोम सख्ख्या बहिणी शोभाल.

तर पुन्हा सांगतो. आडून नको. थंडी नको, बर्फ नको. 'डोना, तू शेतासाठी आलीस का?' बस. आणि दलाल म्हणतोय मार्चच्या तुकडीत नाव घालतो, पण पासपोर्ट आधी हवा. त्यासाठी मी पावडरच्या डब्यात दोन हजार तीनशे बाट जमवलेत. डब्याला तेल लावलेले हात लावत नाही, इतका जपतो. म्हणून आधीच सांगून ठेवतो, पाहुणीच्या कोंबड्यांसाठी, फँटाच्या बाटल्यांसाठी, तिच्या पाच घरच्या जेवणांसाठी माझ्याकडे एक बाट मागू नका.

आई कशी आहे? तिला म्हणावं, ताटली भरणं थांबव.

खामफान


बान नोंग हिन, ६ डिसेंबर

फान,

आईला म्हटलं. आई म्हणाली, "आपल्या घरात आलेलं पोर भुकेलं ठेवू?" मी डोनालाही म्हटलं, दोन घास ताटलीत ठेव, म्हणजे आई थांबेल. तिनं पुस्तक काढून दाखवलं. पुढं माझी बोली संपली, तिची बोली संपली. दिवसभर तिच्या मागं फिरतो म्हणून आमच्यात आता नोइ दुभाष्या आहे, त्याला नवव्या वर्षी काय कळतंय.

कोंबड्यांचे पैसे तुझ्याकडे मागितले कुणी?

थंडी चांगलीच पडलीय. त्यात एक नवीन खूळ. डोनानं आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईकडे खाव-ची मागितली. आठवते ना? चिकट भाताचा गोळा काडीला लावून निखाऱ्यावर धरायचा, अंड्यात बुडवून पुन्हा भाजायचा. आपण मागायचो तेव्हा आई काय म्हणायची? "धुरानं डोळे गेले माझे, पळा." माझ्या नोइनं मागितली तरी तेच. आणि या पाहुणीनं एकदा मागितली तर आई तेव्हापासून रोज सगळ्यांच्या आधी उठते, चूल पेटवते आणि उकिडवी बसून काडी फिरवते. डोळ्यांतून पाणी, पण एक अक्षर बोलत नाही. मला राग आला. आला तर आला.

आणि ऐक पुढचं. जिच्यासमोर म्हशीचं आंबोण ठेवलं तरी तिनं संपवलं असतं, ती ही खाव-ची खात नाही. एक घास नाही. केळीच्या पानात गुंडाळते, भिक्षू आले की आपल्या भातावर ती त्यांच्या पात्रात ठेवते. गावातल्या बायका तोंडावर हात ठेवून हसतात. सणावाराची गोष्ट निराळी, पण रोज पोरासोरांचा खाऊ कुणी घालतं का भिक्षेत? मग चिंचेच्या बुंध्याशी बसते आणि वाटीतलं पाणी थेंब-थेंब सोडते. बघत असते माझ्याकडे, बरोबर करतेय का म्हणून. मी मान हलवते. तिला चपला कुठं काढायच्या कळत नाही, पाणी सोडण्यातलं काय कळणार? कुठंतरी पाहिलं असेल, हौस आली असेल. कॅमेरा आणलाय ना सोबत.

आता जे तुला सांगायचं टाळत होते ते सांगते. तू चिडशील. परवा आई तिला हाताला धरून तळ्याकाठच्या शेतावर घेऊन गेली. दोघीच. मी लांबून बघितलं. आईनं हात करून या टोकापासून त्या टोकापर्यंत दाखवलं. मग दोघी बांधावर बसून राहिल्या. परत आल्यावर आई मला म्हणाली, "फानला लिही, शेताचं थांबू दे." मी म्हटलं, "का?" म्हणाली, "थांबू दे म्हटलं ना." आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

मी काय करू सांग. मी कुणाला नाही म्हणू?

लामदुआन


फुकेत, ११ डिसेंबर

ताई,

झालं! मी पहिल्या पत्रात काय लिहिलं होतं? काढून वाच. वाचलंस? आता मला म्हण की फानला काही कळत नाही.

महिनाभर तुम्ही तिला खाऊ घातलंत, हसलात, थंडीचं विचारलंत, आणि ती गोड बोलून बांधापर्यंत पोचली. आईला धूर चालतो तिच्यासाठी! मी आजारी पडलो होतो तेव्हा खाव-ची मागितली तर मला पेज मिळाली. बावीस वर्षं जिचं नाव घरात घ्यायचं नाही, तिच्या पोरीला आई हाताला धरून शेत दाखवते. आणि इथं मी? मी समुद्राकाठी पपई कुटतोय. मार्चची तुकडी निघून जाईल, मी पपई कुटतोय. म्हातारा होईन, पपई कुटत असेन.

मी येतोय. जे सोमनं सोडलं नाही तर नोकरी सोडून येतोय, मग लिही गावभर, फान टिकत नाही म्हणून. येऊन आईसमोर, तुझ्यासमोर, त्या डोनासमोर मधोमध बसणार आणि विचारणार. तुमच्यातल्या कुणाला विचारता येत नाही ना? मला येतं. मी हसणार पण नाही.

१२ डिसेंबर

पत्र टाकायचं राहिलं. बरं झालं राहिलं.

वरचं सगळं खोडायला हवं, पण कागद वाया जाईल. तू वाच आणि विसर.

आज पहाटे जे सोमबरोबर भिक्षा घालायला दारात उभा होतो. भात, सुके मासे, आणि वर तिनं लाल सरबताची बाटली ठेवली. पेंढा घातलेली, झाकण उघडलेली. मला हसू आलं. म्हटलं, "मावशी, भिक्षूंना लाल सरबत? भुताच्या देवळीत ठेवतात ते." तिनं भिक्षू पुढं जाईपर्यंत वाट बघितली, आणि मग पळीनं दंडावर असा मारला की अजून वळ आहे. म्हणाली, "माझ्या माणसाला आवडायचं ते. दुकानातून येताना लपवून प्यायचा, डॉक्टरनं बंद केलं होतं ना. आता त्याला मी पाठवायचं नाही तर कुणी? गेलेल्याला काय आवडायचं ते पात्रात घालतात, एवढं नाही शिकवलं तुझ्या आईनं?" आणि खाली बसून त्याच्या नावानं पाणी सोडायला लागली.

मी ताटल्या तशाच टाकल्या आणि हे लिहायला बसलो.

ताई, खाव-ची कुणाला आवडायची आपल्या घरात? मला आठवत नाही, मी दोन वर्षांचा होतो. तुला आठवत असेल. बुनमीताईला आवडायची ना? खरं सांग.

बाबा गेले तेव्हा ती अमेरिकेत होती. तिथं तिनं पाणी सोडलं असेल ना त्यांच्यासाठी, आणि ही पोर बाजूला बसून बघत असेल. तिला बाकी काही कळत नाही, पुस्तक बघून हात जोडते, पण हे पुस्तकातलं नाही. हे तिला घरी शिकवलंय. भाताच्या टोपलीचं झाकण शिकवलं, तसं.

बुनमीताई आता नाही. त्यासाठी आलीय ती. शेतासाठी नाही आली.

तिला काही विचारू नकोस. आईला विचार. नको, आईलाही विचारू नकोस. मला कळत नाही काय कर. तू बघ.

फान


बान नोंग हिन, १९ डिसेंबर

फान,

तुझं पत्र काल आलं. खळ्यामागं जाऊन वाचलं. हो, तिलाच आवडायची. मला कसं कळलं नाही? रोज समोर बघत होते. तिला काय कळणार, तिला काय कळणार, हेच म्हणत राहिले, आणि मलाच कळलं नाही.

आज सकाळी मीही लवकर उठले. आई चुलीपाशी होती, डोना शेजारी. मी म्हटलं, "आई, फानचं पत्र आलं."

"काय म्हणतो?"

"म्हणतो, काही विचारू नकोस."

आईनं काडी फिरवली. म्हणाली, "पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलला. मग विचारू नकोस."

खाव-ची झाली. डोनानं नेहमीसारखं केळीचं पान पुढं केलं. आईनं गोळ्याचे दोन तुकडे केले. एक पानात ठेवला. दुसरा हातात धरून फुंकून-फुंकून गार केला आणि डोनाच्या तोंडाशी नेला. म्हणाली, "तिच्या वाटचं तिला गेलं. आता तुझ्या वाटचं तू खा."

डोनानं खाल्लं. मग फान, ती जी रडली. अमेरिकेतलं रडणं असेल, आवाज बाहेर काढून. कोंबड्या पळाल्या. आई तिची पाठ चोळत राहिली आणि विचारलं, "कधी?"

"एप्रिलमध्ये."

"दुखलं का फार तिला?"

"शेवटी नाही."

आई म्हणाली, "मला पहिल्याच सकाळी कळलं. एवढं खाणारी पोर तेवढं एक खात नाही म्हटल्यावर."

मी ओरडलेच. "पहिल्या सकाळी कळलं? आणि महिनाभर गप्प बसलीस? मी इथं वेडी झाले!" आई म्हणाली, "बोलले असते तर तिचं काम झालं असतं, आणि ती गेली असती. ताटली भरत होते तोवर जेवत तर होती समोर." बघ. ही आपली आई. तिला जेवायला बसवून ठेवलं होतं, आणि आपल्याला वाटलं ती पाहुणचार करतेय.

आणि डोनाचं ऐक. नोइला मध्ये घालून समजलं ते असं. तिच्या पुस्तकात लिहिलंय की थाई घरात मोठ्यांना वाईट बातमी तोंडावर सांगू नये, विचारायची वाट बघावी. ती रोज वाट बघत होती की कुणीतरी विचारेल, "तुझी आई कशी आहे?" एवढं एक वाक्य. ते बोलायची तिनं घोकून तयारी केली होती. आणि मी काय विचारलं? थंडी पडली का. 'आई वाट बघत असेल,' म्हणाले मी तिला. त्यावर ती हसली होती. तू बरोबर होतास, ते आपलं हसणं होतं. इतकी सभ्य माणसं एका छपराखाली राहिली तर दुसरं काय होणार.

अस्थी आणल्यात तिनं थोड्या, पांढऱ्या रुमालात बांधून. देवळाच्या आवारात बाबांच्या शेजारी ठेवायच्या. ५ जानेवारीच्या पौर्णिमेला. आणि गावाला भात घालायचा बुनमीताईच्या नावानं. 'शेताचं थांबू दे' ते त्यासाठी होतं, फान. तळ्याकाठचं भात अजून उभं आहे. आईला तिच्या वाटच्या शेतातलं भात तिच्या नावानं वाढायचंय. नंतर विक, म्हणते आई, फानला शब्द दिलाय. डोनाला राय म्हणजे किती ते माहीतसुद्धा नाही.

मुखियाकाका आज आले. सगळं ऐकलं आणि मग स्वतःहून डोनासमोर डोकं वाकवून म्हणाले, "बघ गं, अजून भुसा आहे का?" आता मात्र तिला कळलेलं आहे, तिनं हात मागं घेतले. सगळे हसले. ते हसणं कुठलं ते मला सांगता येणार नाही.

चावणाऱ्या मामाचंही कळलं. बुनमीताई निघाली तेव्हा तू तिच्या कडेवर होतास. तिला बसमध्ये चढता यावं म्हणून आईनं तुला ओढून घेतलं, तेव्हा तू बुनमीताईच्या मनगटाला चावलास, रक्त येईपर्यंत. वण राहिला. बुनमीताई तो डोनाला दाखवायची. म्हणायची, "घरून एवढंच सोबत आणता आलं."

आता शेवटचं, आणि यावर ओरडू नकोस. आई म्हणते, घरात मुलगा तूच. त्या दिवशी तू डोकं भादरून एक दिवस भिक्षूंचं चीवर घालावंस, बुनमीताईला पुण्य पोचावं म्हणून. एक दिवस, फान. एक दिवस एका जागी बसायचं. जमेल?

तुझी ताई


फुकेत, २४ डिसेंबर

ताई,

डोकं भादरून! आत्ता कुठं केस मानेपर्यंत आले होते, जरा बरा दिसायला लागलो होतो. तैवानच्या फोटोत काय टक्कल दाखवू? पण आईला सांग, येतो. आणि 'एक दिवस एका जागी बसायला जमेल का' असं खोचकपणे विचारायची गरज नव्हती. दुपारनंतर जेवायचं नाही, पळायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, मला सगळं माहीत आहे. जमेल. बहुतेक जमेल.

जे सोमकडे रजा मागितली. म्हणाली, "पुन्हा पळतोस?" मी खरं कारण सांगितलं तर अर्धं पोतं सुके मासे बांधून दिले आणि वर दटावलं, "वाटेत विकलेस तर हात तोडीन." ही बाई प्रेम करते की भांडते ते मला वर्षभरात कळणार नाही.

शेताचं. आईला सांग, यंदा विकू नका. मी मोठा साधू झालो असं समजू नकोस, अजून चीवर चढलेलं नाही. पण त्या पाच रायचे पैसे दलालाला मोजताना मला ते भात आठवत राहील, आणि मी कुठंच टिकणार नाही. तैवान जागच्या जागी राहील. कोरियाचाही एक दलाल भेटलाय, तो हप्त्यानं घेतो म्हणतो. ओरडू नकोस, नुसतं बोललोय.

डोनाला नीट समजावून ठेव, आणि या वेळी आडून नको, सरळ सांग. मी चीवरात असताना तिनं मला हात लावायचा नाही. डोक्याला तर नाहीच, काही चिकटलेलं असलं तरी नाही. पाय कुणीकडे करायचे तेही सांग. पौर्णिमेला सकाळी मी पात्र घेऊन घरावरून येईन, तेव्हा तिनं खाव-ची त्यात घालायची. आईनं मला ती उभ्या आयुष्यात करून दिली नाही. आता भिक्षा म्हणून द्यावीच लागेल, धूर असो की नसो. बुनमीताईला पोचली की उरलेली मी खाणार. तिला चालेल असं वाटतं.

दुसऱ्या दिवशी चीवर उतरल्यावर मी डोनापुढं मनगट धरीन. चाव म्हणावं. फिट्टंफाट.

आणि अख्ख्या गावाला भात एकट्या आईनं कसा घालायचा? माझं नावही त्यात असू दे. पावडरचा डबा उघडला. पासपोर्टचं नंतर बघू. मनिऑर्डर करतोय, पोस्टमनला सही देताना मोजून घे, तो नेहमी दहाची नोट खाली पाडतो. सगळे आहेत, दोन हजार तीनशे बाट.